किंग व्हॅलीचं स्थळ

माणसाने जात, धर्म, देश असल्या क्षुद्र गोष्टींच्या पलीकडे पाहावं, असं शुभदा कर्णिकचं आयुष्यभराचं ठाम मत होतं. आजवर ते तिने फक्त इतरांच्या मुलींवर वापरून पाहिलं होतं.

आता ती किंग व्हॅलीतल्या एका वायनरीच्या काउंटरपाशी दुसरा ग्लास नाकाशी धरून उभी होती. नाक ग्लासात होतं, डोळे मात्र वाईन ओतणाऱ्या बाईच्या नखांवर.

"माती आहे बघ नखांत," ती मराठीत पुटपुटली.

"मग? द्राक्षं काय लॅपटॉपवर पिकवतात?" श्यामला म्हणाली.

श्यामला तिची पॉइंट कुक या उपनगरातली शेजारीण आणि पंधरा वर्षांची मैत्रीण. दोघींनी घरी सांगितलं होतं, की गर्ल्स वीकेंड आहे, ऑस्ट्रेलियातलं इटली बघून येतो. प्रत्यक्षात त्या स्थळ बघायला आल्या होत्या. वाईन ओतणारी लुचिया ही मुलाची आई. त्या कशासाठी आल्या आहेत, हे मात्र लुचियाला माहीत नव्हतं.

शुभदाच्या मुलीने, ईशानीने, नाताळात एवढंच सांगितलं होतं, की मुलाचं नाव मार्को, इटालियन आहे, घरची वायनरी आहे. त्यानंतर कधीही विचारलं तरी एकच उत्तर. "इट्स कॉम्प्लिकेटेड, मम." शुभदाला त्यात कॉम्प्लिकेटेड असं काही दिसलं नाही. पोरगी आईच्या होकारासाठी झुरत होती. तो द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि शुभदा तो आज निकालात काढणार होती.

तूर्त कल नकाराकडे होता.

"शेवटी शेतकरीच गं. मास्टर्स केलेली मुलगी द्यायची का इथे?"

"हेच नाशिकचे असते, तर तू त्यांचा फोनसुद्धा उचलला नसतास."

"तेच तर म्हणतेय मी."

काउंटरवर थुंकण्यासाठी स्टीलचं एक भांडं ठेवलेलं होतं. परतीला गाडी चालवायची असल्याने श्यामला प्रत्येक घोट इमानेइतबारे त्यात टाकत होती. शुभदाला ते जमेना. चारचौघांत थुंकायचं नाही, हे तिच्यावरचे संस्कार. संस्कार सांभाळत ती गिळत राहिली.

तिसऱ्या ग्लासला तिने सहज विचारावं तसं लुचियाला विचारलं, मळा केवढा आहे. लुचियाने खिडकीबाहेर हात केला.

"त्या डोंगरापर्यंत."

शुभदाने डोंगर पाहिला. तो चांगलाच लांब होता.

"शेतकरी नाही म्हणता येणार यांना," ती श्यामलाच्या कानाशी लागली. "इस्टेट आहे."

"वाईन चाखतेयस की सातबारा बघतेयस?"

चौथ्या ग्लासला चौकशी व्यसनांवर आली. घरात एवढी वाईन म्हटल्यावर मुलगा पीत असणारच. लुचिया हसली. म्हणाली, तो दिवसभर चाखतो आणि थुंकतो, रात्री जेवताना पाणी पितो. शुभदाच्या जिवाला गार वाटलं. पाचव्या ग्लासला सासूची परीक्षा होती. मुलगा तुमच्याबरोबरच राहतो का?

"पलीकडच्या घरात. त्याने बोलावल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही."

शुभदाने पैकीच्या पैकी मार्क दिले.

सहाव्या ग्लासात जात, धर्म आणि देश विरघळून गेले. मांडव वेलींच्या मधोमध पडला. नोव्हेंबरात, वेली हिरव्यागार असताना. जेवणात मसालेभात आणि श्रीखंड, सोबत घरचीच फेसाळती वाईन, प्रोसेको. नवऱ्याला, म्हणजे रवींद्रला, पत्रिका छापून आल्यावर सांगायचं ठरलं.

"मराठी मंडळातल्या बायका जळून खाक होतील गं. त्यांच्या पोरी टू बेडरूम युनिटात, आणि माझी डोंगरापर्यंत!"

"आधी पाणी पी," श्यामला म्हणाली. "आणि ईशानीला एक फोन कर."

"छे! सरप्राइज आहे तिला."

तेवढ्यात मार्को बाटल्यांचा खोका घेऊन आत आला. उंच, उन्हाने रापलेला, बुटांना चिखल. वायनरीच्या वेबसाइटवरच्या फोटोपेक्षा बरा. शुभदा स्टुलावरून उठली. पहिल्या प्रयत्नात नाही, दुसऱ्या. श्यामलाने तिची बाही धरली, पण मुलीच्या आईला अशा वेळी बाहीला धरून थांबवता येत नाही.

"मार्को, मी ईशानीची आई," ती इंग्रजीत म्हणाली. मग क्षणभर थांबली, कारण असं काही बोलायची वेळ माणसावर रोज रोज येत नाही. "आमची काही हरकत नाही."

मार्कोने खोका खाली ठेवला. टोपी काढली.

"कशाला?"

"लग्नाला."

त्याने काउंटरकडे पाहिलं. लुचिया एक ग्लास पुसत होती. तो आधीच स्वच्छ होता.

"तिने सांगितलं नाही तुम्हाला?" तो आवाज खाली आणत म्हणाला. "आमचं मोडलं. ईस्टरलाच."

सहाच्या सहा ग्लास एका झटक्यात उतरले.

"मोडलं? का?" शुभदाचा आवाज पार बाहेरच्या वेलींपर्यंत गेला. "काय खोट होती माझ्या मुलीत? शिकलेली आहे, कमावती आहे, दिसायला चारचौघींत उठून दिसते! काय कमी होतं?"

"कमी काहीच नव्हतं," मार्को अवघडून म्हणाला. "ईस्टरला तिला घरी आणलं होतं. आईला पसंत पडली नाही."