पाकिटातले फोटो

"तुमचे जुने फोटो मिळणार कुठून? जन्म गेला कॅमेऱ्यामागे," ती दवाखान्याच्या बाकावरही कुरकुरतच होती.

स्टुडिओवाला नवरा मांडीवरचं पाकीट थोपटत म्हणाला, "आणलेत गं."

गेल्या आठवड्यात तो एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आला होता. डोळ्यामागे गाठ असावी. बहुधा लिम्फोमा, कॅन्सरचाच एक प्रकार. स्कॅन काढायचा, तुकडा तपासायचा, आणि तसं निघालं तर किरणांचे उपचार. वेळेत झालं तर डोळा वाचतो. शिवाय जुने फोटो हवेत, म्हणजे डोळा कधीपासून पुढे यायला लागला ते कळेल. हे सगळं त्याने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, आणि वर म्हणे, "तू आलीस तरच जाईन."

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि हा आपला ढिम्म. ती रोज त्याचे डोळे निरखायची. दोन्ही सारखेच दिसायचे. पण डॉक्टरांपेक्षा आपल्याला काय जास्त कळणार?

स्वतःसाठी ती लेक झाल्यापासून दवाखान्याची पायरी चढली नव्हती. "मला काय धाड भरलीये?" हे तिचं ठरलेलं उत्तर. हल्ली डाव्या डोळ्याच्या पापण्या चष्म्याच्या काचेला घासायच्या, तर त्यासाठी तिने चष्मेवाल्याचा उद्धार केला होता.

आत तो तपासणीच्या खुर्चीत बसला. डॉक्टरीणबाई त्याच्याशी बोलत होत्या, पण बघत होत्या तिच्याकडे. ती आणखीच वैतागली.

"यांना जरा दरडावून सांगा, डॉक्टर. डोळ्याशी खेळ चाललाय नुसता. उद्या काही झालं तर मी काय करू?" ती टेबलाशी सरकली. "स्कॅन आजच काढा. नाही म्हटलं तरी ऐकायचं नाही."

"मी सांगेन ते सगळं होईल? शब्द देता?"

"दिला. पुढे एक अक्षर काढायचं नाही कुणी."

डॉक्टरीणबाईंनी पाकीट उघडलं आणि फोटो वर्षांच्या क्रमाने टेबलावर मांडले. ती वाकून बघू लागली. त्यात तो कुठेच नव्हता. सगळे फोटो तिचे होते, आणि शेवटच्या दोन-तीन फोटोंत तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा पुढे आलेला होता.

तो खुर्चीतून उठला. दंडाला धरून त्याने तिला तिथे बसवलं, तिची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि नेहमीच्या सवयीने म्हणाला, "जरा वर."