डावा हात

“डावा हात, उजवा गुडघा. आता उजवा हात, डावा गुडघा. नजर पुढं.”

ऐश्वर्या सांगत होती आणि राजारामपुरीतल्या त्या हॉलमध्ये आठ-नऊ मोठी माणसं फरशीवर रांगत होती. तिच्या वर्गात यंत्रं नव्हती, डंबेल्स नव्हते. रांगायचं, उकिडवं बसायचं, लोंबकळायचं, ओझं उचलून चालायचं. माणसाचं शरीर ज्यासाठी घडलंय तेवढंच करायचं, असं ती येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगे.

“म्याडम, गुडघं बोलाय लागलं की माझं,” अण्णाप्पा म्हणाले. त्यांचं ट्रॅक्टरचं शोरूम होतं. साठी उलटली होती, पण आवाज बांधावरून हाक मारल्यासारखा.

“बोलू देत. तुम्ही गप्प राहा.”

सगळे हसले. भिंतीपाशी खुर्चीत बसलेल्या तिच्या सासूबाईही हसल्या. ऐश्वर्या त्यांना अव्वा म्हणे. त्यांच्या पायाशी सतरंजीवर ऐश्वर्याची अकरा महिन्यांची मुलगी बसली होती, राजनंदिनी, घरातली नंदी.

“बघा की,” अव्वा म्हणाल्या, “आई समद्या गावाला रांगवती, आणि लेक जाग्यावरनं हलंना.”

पुन्हा हशा झाला. ऐश्वर्या हसली नाही. “डावा हात,” ती जरा मोठ्यानं म्हणाली.

अण्णाप्पा रांगत रांगत सतरंजीपाशी गेले. “काय नंदाबाई, लावायची का शर्यत?” त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून वाजवला. नंदीनं उजव्या हातानं झडप घातली. त्यांनी तो काढून घेतला आणि गमतीनं तिच्या डाव्या बाजूला, अगदी हाताशी ठेवला. पोरगी कमरेतून सगळीच्या सगळी वळली आणि उजवाच हात आडवा नेऊन तिनं किल्ल्या उचलल्या.

“आयला, पक्की हाय की! एकाच हातावर भागवती.”

“हुशार हाय ती,” अव्वा घाईनं म्हणाल्या.

ऐश्वर्या तिकडंच बघत होती. तोंडानं सूचना चालू होत्या. “उजवा हात, उजवा गुडघा.” पुढचे दोघे एका अंगावर कलंडले. “म्याडम, काय तरी चुकलं,” कुणीतरी म्हणालं. तिला ते ऐकू गेलं नाही.

एवढं लहान मूल हात निवडत नाही. दोन्ही हात सारखेच वापरतं. हे तिला पाठ होतं. आणि गेले कित्येक आठवडे ती खुळखुळा, चमचा, पोळीचा तुकडा, सगळं नंदीच्या उजव्या हातातच देत आली होती.

ती सतरंजीवर जाऊन बसली. किल्ल्या घेतल्या, नंदीच्या डाव्या गुडघ्याशी ठेवल्या आणि तिचा उजवा हात आपल्या मुठीत धरला.

“काय करालीस?” अव्वा म्हणाल्या. “रडंल ती.”

रांगणारी माणसं होती तिथंच थांबली, हात-गुडघे टेकून. वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता.

नंदीनं किल्ल्यांकडे पाहिलं. उजवा हात सोडवायला जोर लावला. सुटला नाही. मग ती पुढं वाकली, आणखी वाकली, ओठ पुढं काढून तोंडानंच किल्ल्या धरायला गेली. डावा हात कोपरात दुमडून छातीशी तसाच राहिला. अंगठा आत, मूठ घट्ट.

“नंदी, घे,” ऐश्वर्या हळूच म्हणाली. “घे की बाळा.”

पोरीनं भोकाड पसरलं.

“सोड तिला!” अव्वा खुर्चीतून उठल्या. “लोकांत तमाशा लावलाय? आमच्यात समदी पोरं उशिराच रांगत्यात. माझा जिनेश तर दीड वर्षाचा झाला तरी...”

“मी उशिराचं म्हणत नाही, अव्वा. डाव्याचं म्हणतेय.”

अव्वांनी पदराचं टोक हातात घेतलं, सोडलं, परत घेतलं.

“झबलं घालताना,” शेवटी त्या म्हणाल्या, “मी डावी बाही आधी घालते. त्यो हात वळत न्हाय म्हणून.”

ऐश्वर्यानं वर पाहिलं. “कधीपासनं?”

“दिवाळीच्या आधीपासनं.”

“मग सांगितलं का नाही?”

“मला वाटलं, तुला दिसलं न्हाय. तुझा ह्योच धंदा, आणि तुला दिसलं न्हाय, म्हंजे काय नसंलच.”

ऐश्वर्यानं नंदीचा उजवा हात सोडला, लेकीला उचलून मांडीत घेतलं आणि फोन लावला. “जिनेश, गाडी घेऊन ये. आत्ता.” पलीकडून तो काहीतरी विचारत होता. “नाही, पडली नाही. दवाखान्यात जायचंय. दुकान राहू दे उघडं, पण तू ये.”

हॉलमधली माणसं अवघडून उठू लागली. अण्णाप्पांना किल्ल्या हव्या होत्या, पण ते हात पुढं करेनात.

नंदीचं रडणं ओसरलं. ऐश्वर्यानं तिची डावी मूठ आपल्या हातात घेतली आणि एक एक बोट सोडवायला लागली. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं बोट. अंगठा सगळ्यात शेवटी निघाला. तळवा ओलसर, पांढुरका पडलेला होता, आणि घडीत सतरंजीचा लाल धागा अडकला होता. तिनं तो फुंकरीनं उडवला. मग सतरंजी बाजूला सारली, तो इवलासा तळवा थंड फरशीवर सपाट टेकवला आणि वरून आपला हात ठेवला.

बोटं आत वळू पाहत होती. ऐश्वर्या ती दाबून धरत नव्हती, सोडतही नव्हती. नंदी फरशीकडे टक लावून बघत होती.

अव्वा खुर्चीचा पाय धरून हळूहळू खाली बसल्या, दोघींच्या समोर.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. लगेच दुसऱ्यांदा वाजला.

“थांबू दे त्याला जरा,” अव्वा म्हणाल्या.