दहा छर्रे

रामकिसननं छर्रे तिसऱ्यांदा मोजले. सहाच. पुढच्या चाकाच्या एका बाजूला दहा लागतात, आणि उरलेले चार कुठं गडप झाले होते ते एक देव जाणे.

सायकल अंगणात उलटी ठेवली होती, पुढचं चाक बाजूला. पावसाळाभर ओसरीत उभी राहून तिचं चाक गंजून जाम झालं होतं, म्हणून त्यानं सकाळी घाईघाईनं आख खोलला. छर्रे घासलेटाच्या वाटीत टाकले आणि पाना शोधायला आत गेला. तेवढ्यात कोंबडी फडफडली अन् वाटी कलंडली. घोडं पेंड खातं ते असंच, नेमक्या दिवशी.

दिवसही कसला! सकाळीच कोतवाल विहिरीवर हळूच सांगून गेला होता: दुपारपर्यंत नसबंदीवाल्यांची जीप येते, यादीत तुझं नाव हाय. चार पोरींचा बाप, नाव असणारच.

मागच्या आठवड्यात शेजारच्या सेवादासला नेलं, तो परत आला तेव्हा भिंत धरून चालत होता. गावात तर काय, तोंडाला येईल ते बोलत. माणसाला मग पोतं उचलत नाही म्हणे, आवाज बायकी होतो म्हणे. यातलं अर्धं खोटं आहे हे त्याला कळत होतं, पण भीती पुरी होती. आणि त्याला पोरगा पाहिजे होता.

पांदणीनं किन्हीराजाला बहिणीकडे निघून जायचं, असा त्याचा बेत होता. त्या पांदणीत जीप शिरत नाही. पायी गेला असता, पण बाभळीचा काटा मोडून टाच टम्म सुजली होती. ज्वारी कापून झाल्यावर शिवारात लपायला आडोसाही उरला नव्हता. जे काही होतं ते सायकलीवर होतं.

"तुमी हालू नोका," भागिरथा म्हणाली. "पायाखाली रुततीन."

बायको मात्र डोक्याची. पोरींना तिनं सकाळीच जावेकडे धाडून दिलं. अंगण फड्यानं झाडून धूळ गोळा केली, सुपात घेतली आणि ज्वारी पाखडावी तशी पाखडायला बसली. रामकिसनला रांगून रांगून चार सापडले होते. तिनं सुपातून दोन काढले, पदराला पुसून त्याच्या हातावर ठेवले. मधूनच ती थांबायची, कंबर धरायची, पुन्हा सूप उचलायची.

दिवाळीआधी सातव्या महिन्यात पोटातलं गेलं, तेव्हापासून तिचं असंच होतं. नर्सबाईनं तेव्हा रामकिसनला ओसरीत बोलावून सांगितलं होतं की पुढच्या खेपेला बाई हाती लागायची नाही. नर्सबायांचं काय, त्या सगळ्यांनाच तसं सांगतात. भागिरथानं एकदाच विचारलं होतं, मंग मी जाऊ का दवाखान्यात? एक पोरगा होऊ दे, मंग पाहू, असं त्यानं म्हटलं, अन् ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. गुणाची बाई.

"गाठ मारली का?" त्यानं विचारलं.

घरात काही हरवलं की त्यांच्याकडे बाया देवाचं नाव घेऊन पदराला गाठ मारतात. वस्तू सापडल्याशिवाय ती सोडायची नसते. एरवी तो तिच्या गाठीला हसायचा. एकदा शेळी हरवली तेव्हा, शेळी का पदरात येऊन बसनार हाय, असं म्हणून त्यानं तिला चिडवलं होतं. आज त्याला हसू येत नव्हतं.

"मघाच मारली," ती म्हणाली आणि पदराचं टोक दाखवलं. गाठ चांगली घट्ट होती.

"अजून एक मार."

"एकच पुरते."

त्यानं सहाच छर्रे ग्रीसमध्ये बसवून पाहिले. चाक अर्धं फिरलं, कचकन अडलं. पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. बोटांवर काळं माखलं होतं. तो परत धुळीत रांगायला लागला. चुलीजवळ पाहिलं, रांजणाखाली पाहिलं, कोंबडीचं खुराडं उपसलं. तिनं गिळले असतील का, हाही विचार येऊन गेला.

"सापडतीन," भागिरथा म्हणाली. "जीवाले एवढा घोर लावून घेऊ नोका."

मारुतीच्या पाराकडून हॉर्न ऐकू आला. लपावं म्हटलं तर घर ते केवढं, एक खोली आणि एक ओसरी.

जीप दारातच थांबली. एक बाबू उतरला, मागून दोन शिपाई. बाबू मोठ्यानं बोलला नाही. यादीवर बोट ठेवून त्यानं नाव वाचलं आणि चला म्हणाला.

"साहेब, मले पोरगा नाही," रामकिसन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. शिपायांनी दंड धरले तसा तो बायकोकडे वळला. "तू तरी सांग ह्यायले."

भागिरथा सूप भिंतीला टेकवून उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"जा तुमी," ती म्हणाली. "मी भाकरी करून ठेवतो."

त्याला मागच्या बाकावर बसवलं. इंजिन बंद पडलं होतं, ड्रायव्हर ते सुरू करायचं हँडल सीटखाली शोधत होता. त्या शांततेत रामकिसननं अंगणाकडे पाहिलं. सायकल तशीच उलटी होती. भागिरथा तिच्याजवळ खाली बसली, सहा छर्रे गोळा करून तिनं वाटीत ठेवले, वाटी पुढ्यात ओढली.

मग तिनं पदराचं टोक वाटीवर धरलं आणि गाठ सोडली. टण, टण, टण, टण.