एका घरात एक लायसन्स

टण्ण!

पाना अजेयच्या हातून सुटून स्टीलच्या ताटावर पडला. जेवणाच्या टेबलाभोवती सगळे इतका वेळ श्वास रोखून बसले होते, ते एकदम हलले. टेबलावर पाइपाचे तुकडे, वळणाचे एल्बो आणि टेफ्लॉनच्या पांढऱ्या पट्टीचं रीळ पसरलं होतं. घरचा कर्ता मुलगा नळ जोडायला शिकत होता.

"लागलं का रे?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"ताटाला लागलंय, आई," ऋता म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "पट्टी परत गुंडाळ. उलटी गुंडाळलीस की आवळताना सुटून येते."

अजेयनं ती परत उलटीच गुंडाळली.

अजेयच्या वडिलांचं, रघुनाथरावांचं, हावड्याला नळ-पाइपांचं दुकान होतं. घराणं आजोबांपासून कोलकात्यातलं. दुकानातून माल जाई आणि मालामागून त्यांची सून जाई. दुपारी घरात एकट्या असणाऱ्या बायकांना परका मिस्त्री नको वाटे. दमदमच्या फ्लॅटांमध्ये 'बौदी', म्हणजे वहिनी, आली म्हटलं की दार उघडलंच. ऋता पाइप कापी, आटे पाडी, गळती थांबवी. अजेय गल्ल्यावर बसून क्रिकेट बघे. तेही कोणीतरी बघायला हवंच.

आता मोठ्या सोसायट्या लायसन्सवाला प्लंबर मागू लागल्या. रघुनाथरावांचं स्वतःचं लायसन्स होतं, पण गुडघे नव्हते. नव्या माणसाला परीक्षेला बसायचं तर हाताखाली काम केल्याचा दाखला लागे, त्यांच्या सहीचा. ऋतानं तो मागितला.

"तुला?" रघुनाथराव दचकले. "अगं, लायसन्सवर फोटो असतो. तो दुकानात लावावा लागतो. आपल्या दुकानात बाईचा फोटो एकच आहे, माझ्या आईचा. आणि त्याला हार आहे."

मग सुनेचा चेहरा बघून ते जरा नरमले. "असं करू. आधी अजेयला पास होऊ दे. तो झाला की लगेच तुझ्या दाखल्यावर सही. शब्द देतो."

म्हणून ऋता जीव तोडून शिकवत होती. नवरा पास झाल्याशिवाय तिचा नंबर लागणार नव्हता, आणि नवऱ्याला सुलटं कुठलं तेच कळत नव्हतं.

"अजेय, आरती कशी ओवाळतोस?"

"हे काय मध्येच?"

"पाइपाचं तोंड तुझ्याकडे कर. समोर देव आहेत, हातात ताट आहे. आता ओवाळ."

अजेयनं ओवाळलं. पट्टी आट्यांत अशी घट्ट बसली की तो स्वतःच चकित झाला. मंदाकिनीबाईंनी पदरानं डोळे टिपले.

"बघितलंत? संस्कार शेवटी उपयोगी पडतातच."

टेबलाच्या कोपऱ्यावर हनुवटी टेकून ऋताची लेक आभा हे सगळं बघत होती. आईचं शेपूट ती. पट्टीचा एक तुकडा तिनं कधीच आपल्या पेन्सिलीवर गुंडाळून ठेवला होता. सुलटा.

परीक्षेत अजेयनं ओठांतल्या ओठांत आरती म्हणत सांधा जोडला. पाणी सोडलं, थेंब गळला नाही. परीक्षकांनी रघुनाथरावांना खास सांगितलं, हल्लीच्या मुलांत इतकी भक्ती दिसत नाही.

लायसन्स दुकानात लागलं ते विश्वकर्मा पूजेच्या दिवशी. बाहेर आभाळभर पतंग होते. ऋताचे पाने, कटर, आटे पाडायचा डाय सगळं घासूनपुसून, कुंकू लावून देवापुढे मांडलं होतं. त्यांच्या वर, भिंतीवर, अजेयचा फोटो. चेहरा कष्टाळू आला होता.

पूजा आटोपली. ऋतानं दाखला सासऱ्यांपुढे ठेवला, वर पेन ठेवलं.

"बाबा, सही."

"कशावर?" रघुनाथरावांनी संदेश मिठाईचा डबा पुढे केला. "अगं, आता काय गरज? एका घरात एक लायसन्स पुरे. तू कर ना काम, तुला कोण अडवतंय?"

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता की. तेव्हा घरात धड गुडघ्यांचं लायसन्स कुठे होतं?"

ऋतानं नवऱ्याकडे पाहिलं. अजेय फोटोसोबत सेल्फी काढत होता. फोन खाली न घेताच तो म्हणाला, "बाबांचं बरोबर आहे. तू बिनधास्त जात जा. काही अडलं तर मी आहेच की, लायसन्सवाला."

मंदाकिनीबाईंनी तिच्या तोंडात संदेश घातला. "दिवसभर उपाशी आहेस, खा आधी." त्या मायेनंच म्हणाल्या, तेच जास्त लागलं.

ऋतानं कागदाची घडी घातली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. आभा मागोमाग आलीच. तिच्या मांडीला टेकून बसली आणि आपली पेन्सिल पुढे केली.

"आई, मला पण येतं. हे बघ."

"येतं तर. किती छान येतं माझ्या राणीला."

आभा खुलली. मग तिनं आत बाबांच्या फोटोकडे पाहिलं, परत आईकडे पाहिलं आणि अगदी शहाण्यासारखं विचारलं,

"मग मी मोठी झाले की मी कोणाला पास करायचं?"