काळ्या बोल्टांचा रिपोर्ट

बारावा बोल्टही तुटला, आणि नेमका तुटायला हवा तेवढ्याच जोराला तुटला. कारखान्यात माल तपासून पास करणाऱ्या मॅडमनी बोल्ट ओढून तोडायचं यंत्र बंद केलं आणि कपाळावर हात मारून घेतला. सहा बोल्ट काळे केलेले, सहा कोरे. कडकपणा तोच, ताकद तीच. तीन दिवस त्या या बोल्टांच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या, आणि बोल्ट होते की सज्जनपणा सोडायला तयार नव्हते.

दार ढकलून मालक आत आले. मालक म्हणजे त्यांचे धाकटे दीर. सकाळपासूनची ही चौथी फेरी.

"वहिनी, पाचपर्यंत रिपोर्ट हवा. काळ्या थरामुळे पोलाद कमजोर झालं, एवढं लिहायला किती वेळ लागतो? टाकीवरच्या काकांना घरी पाठवतो, गिऱ्हाईक शांत होईल, विषय संपला."

"भावजी, तो थर केसाच्या पन्नासाव्या भागाएवढा. त्यानं पोलादाचं काय बिघडणार, कप्पाळ?"

"मग डोकी कशी उडाली?"

इथेच सगळं घोडं अडलं होतं. गिऱ्हाइकाने सकाळी बोल्ट आवळले. जेवणाच्या सुट्टीत, मशीन बंद असताना, कुणी हातसुद्धा लावला नव्हता आणि चार बोल्टांची डोकी ताडकन उडाली. एका कामगाराच्या कपाळाला सहा टाके पडले. आणि खापर फुटणार होतं ते काकांवर. एकतीस वर्षं काका बोल्ट काळे करण्याच्या टाकीवर होते. निवृत्तीला चार महिने राहिले होते. आता काढलं असतं, तर एवढ्या वर्षांचं नाव मातीत घालून घरी जावं लागलं असतं.

दीर गेल्यावर मॅडमनी गिऱ्हाइकाकडून आलेला तुटका तुकडा भिंगाखाली धरला. त्यांनी स्वतः तोडलेले बोल्ट तुटण्याआधी ताणले गेले होते. हा जराही ताणला गेला नव्हता. तुटलेली बाजू साखरेसारखी दाणेदार होती.

त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि पाठोपाठ तिडीकही गेली. काळा थर बिचारा निर्दोष होता. हे ॲसिडचं काम! काळे करण्याआधी साफ करताना बोल्ट ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिले की हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते आतून ठिसूळ होतं. झटक्यात ओढून तोडलं तर ते कळतसुद्धा नाही. आवळून ठेवलं की काही तासांनी बोल्ट दगा देतो. त्यावर उपाय एकच, ॲसिडमधून काढल्यावर आठ तास भट्टीत तापवायचं. नव्या पोरालाही पाठ असलेली गोष्ट ही! आणि तीन दिवस आपण इथे वेड्यासारखे बोल्ट ओढत बसलो.

तरातरा चालत त्या टाकीपाशी गेल्या. काका लोखंडी टोपली पाण्यात खळबळत होते. मॅडमनी रजिस्टर ओढून घेतलं. त्या लॉटपुढे ॲसिडची नोंद दोनदा होती. भट्टीचा रकाना कोरा.

"काका, भट्टी का नाही लावली? एकतीस वर्षांत एवढंही शिकला नाहीत?"

"वेळ नव्हता, मॅडम."

"वेळ नव्हता? माणसाचं कपाळ फुटलं तिकडे! आणि तीन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"मला कुणी विचारलं कुठे? जो तो येतो तो काळ्या थराचंच विचारतो. तो चांगलाच बसलाय, तेच सांगत होतो." काकाही आता वैतागले होते. त्यांनी टोपली खाली आदळली, हात पुसले आणि रजिस्टरच्या मागच्या पानाला टाचलेली चिठ्ठी काढून मॅडमच्या हातात दिली.

अक्षर ओळखीचं होतं, आणि खालची सहीही. 'लाल डाग आहेत. सगळा लॉट पुन्हा करा. तासाभरात माझ्या टेबलावर हवा.'

"पुन्हा करायचं म्हणजे आधीचा थर ॲसिडनं काढावा लागतो," काका म्हणाले. "भट्टीला आठ तास लागतील, हे सांगायला मी आलो होतो. तुम्ही म्हणालात, सबबी नकोत."

मॅडमना तो दिवस आठवला. लॉट तासाभरात आला होता, एकही डाग नव्हता, आणि त्यांनी तो हसतमुखाने पास केला होता.

तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, पाच वाजले. झाली का सही?"

"आधी गिऱ्हाइकाला कळवा, भावजी. त्या लॉटचा एकूण एक बोल्ट काढून टाकायला सांगा. आत्ता, लगेच."

"सांगतो. पण काकांच्या रिपोर्टवर सही केलीत की नाही?"

मॅडमनी काकांकडे पाहिलं. काकांनी नजर टाकीकडे वळवली.

"केलीय," त्या म्हणाल्या. "तीन आठवड्यांपूर्वीच. पण ती काकांच्या रिपोर्टवर नाही, माझ्या चिठ्ठीवर आहे."