आठवी मोटर

नव्या कंट्रोलरच्या स्क्रीनवर आठ मोटरी दिसत होत्या. कारखान्यात होत्या सातच. आठवी मिक्सरची. त्यात फिटरमामा अडकून गेले, तेव्हाच मालकाने ती मशीनसकट भंगारात काढली होती.

"जुन्या कंट्रोलरमधून तिची नोंद तशीच आली असेल," मी फोनवर धाकट्या भावाला म्हणालो. तो शेडमध्ये, मिक्सरच्या रिकाम्या चौथऱ्यापाशी उभा होता. आमची चाचणीची पद्धत ठरलेली आहे. मी पॅनेलवरून मोटर चालवायची आणि ती सुलटी फिरते की उलटी, हे त्याने जवळ उभं राहून सांगायचं.

मी आठवी नेटवर्क केबल उपटली. तिचं टोक माझ्या हातात होतं, तरी स्क्रीनवर हिरवी अक्षरं तशीच: "जोडलेली."

"चालवून तर बघ," भाऊ हसत म्हणाला. "इथे नुसते चार बोल्ट आहेत."

मी अगदी कमी वेग दिला. करंट दिसू लागला. दोन अँपिअर, मग पाच. काहीतरी जड फिरत होतं.

"सुलटी," भाऊ म्हणाला. आता तो हसत नव्हता. "दादा, थांबव. माझी बाही अडकलीय."

मी स्टॉप दाबलं. अक्षरं लाल झाली: "संपर्क तुटला."

फोन मात्र चालूच होता, आणि त्यात मोटर फिरतानाचा आवाज थांबत नव्हता.