सुलभाचं भूत

बनशंकरीतल्या आमच्या वृद्धाश्रमात आठ वर्षांपूर्वी एका भुताच्या सिनेमाचं शूटिंग झालं. भूत झाली होती माझी बायको, सुलभा. पांढरे केस तिचे स्वतःचेच होते. सिनेमा पडला. पुढे कॉलेजच्या पोरांनी मोबाइलवर बघून तो डोक्यावर घेतला, तोवर सुलभा गेली होती.

परवा दिग्दर्शक मकरंद आला. "काका, दुसरा भाग करतोय. काकूंना कॉम्प्युटरवर उभं करू. तुमची सही हवी."

"ती चालेल, बोलेल?"

"अगदी तशीच."

"आणि शेवटी?"

"शेवटी मांत्रिक येतो. भूत कायमचं जातं."

"मग सही नाही. एकदा गेलीय ती."

"अहो काका, भूत गेल्याशिवाय सिनेमा संपणार कसा?"

"नको संपवूस," मी म्हणालो.